आपल्या खाडीचा लूर: वजन आधी, रंग शेवटी

घरी लूर करायला घेणारा माणूस बहुधा सगळ्यात आधी रंग आणतो. चंदेरी, हिरवा, गळ्याखाली लाल, वर काळे ठिपके. लूर म्हणजे गळाला लावायचा नकली मासा, तेव्हा तो जितका माशासारखा दिसेल तितका चांगला, असं मनात असतं. मग चार संध्याकाळी खपून केलेला तो देखणा मासा पाण्यात पडतो आणि एका कुशीवर कलंडून काठीसारखा ओढला जातो. खाडीतला जिताडा, हा दबा धरून शिकार करणारा मासा, त्याच्याकडे फिरकत नाही. दोष रंगाचा नसतो, तोलाचा असतो. घरी लूर करण्याचा छंद धरायचा असेल तर मेहनतीचा क्रम उलटा लावावा लागतो. आधी वजन, मग चाल, मग मजबुती आणि अगदी शेवटी रंग. असं केलं तर घरच्या लूरला एक गोष्ट साधते जी दुकानातल्या लूरला क्वचितच साधते. तो तुमच्याच खाडीच्या किंवा तळ्याच्या पाण्याला जुळतो. हा छंद करावा तो त्यासाठी.

ही कला फार जुनी आहे. इसवी सन २००च्या सुमारास लिहिणाऱ्या रोमन लेखक एलियनने मॅसिडोनियातल्या नदीकाठच्या लोकांची रीत नोंदवून ठेवली आहे: गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याची दोन पिसं बांधायची. आपल्याला जास्त उपयोगी उदाहरण मात्र बरंच अलीकडचं आहे. फिनलंडमध्ये लौरी रापाला नावाचा एक गरीब मच्छीमार पाय्यान्ने सरोवरात होडी वल्हवत मासे धरायचा. त्याच्या लक्षात आलं की मोठा मासा लहान माशांच्या थव्यात घुसतो तेव्हा तो नेमका लंगडत, कलत पोहणारा एक मासा उचलतो. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडातून एक मासा कोरला. चकाकीसाठी त्यावर पत्र्यासारखा पातळ वर्ख चिकटवला आणि पाणी शिरू नये म्हणून छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. हत्यार होतं चांभाराची सुरी आणि पॉलिश पेपर. आज त्याच्या नावाचे लूर जगभर विकले जातात, पण पहिला लूर एका माणसाने, एका सरोवरासाठी, तिथल्या माशांची सवय बघून केला होता. त्याने नक्कल केली ती जखमी माशाच्या चालीची. रूप त्याला घरातल्या टाकाऊ वस्तूंतून जमलं तेवढं पुरलं.

चालीला एवढं महत्त्व का, याचं उत्तर माशाच्या शरीरात आहे. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते. शास्त्रात तिला पार्श्वरेषा म्हणतात. बांगडा किंवा रावस साफ करताना नीट पाहिलं तर ती बोटाखाली सापडेल. या रेघेतल्या संवेदनपेशींना पाण्याची बारीकशी हालचालही कळते. दुसरा मासा जवळून गेला, त्याने शेपटी मारली, तो अडखळला, हे सगळं माशाला डोळ्यांनी न पाहता समजतं. आता आपल्या खाड्यांचं पाणी आठवा. पावसाळ्यात ते चहासारखं असतं आणि एरवीही उधाणाच्या दिवसांत गाळ वर आलेला असतो. हातभर खोलीवरचं दिसायची मारामार. अशा पाण्यात तिवरांच्या मुळांपाशी किंवा पुलाच्या खांबाच्या सावलीत दबा धरून बसलेल्या जिताड्याला लूरची पहिली खबर लागते ती त्याच्या थरथरीतून. डोळ्यांचं काम शेवटच्या वीतभर अंतरात येतं.

यावर कोणी विचारेल की मग दुकानातल्या लूरना इतके रंग का असतात, आणि मुरलेले गरवणारे लोकसुद्धा अमुक रंगच हवा असं का म्हणतात. रंगाला काहीच अर्थ नाही असं म्हणणं चूक ठरेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खडकाळ किनाऱ्यावर हिवाळ्यात पाणी निवळशंख असतं. तिथे तारलीच्या कुशीसारखी चंदेरी चमक दुरूनही उपयोगी पडते. पण पाणी प्रकाशातले रंग सारखे शोषत नाही. स्वच्छ पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो आणि लाल लूर खाली काळपट दिसतो. गढूळ पाण्यात निळा आधी संपतो, पिवळा-हिरवा त्यातल्या त्यात टिकतो. म्हणजे घरी दिव्याखाली दिसलेला रंग माशाला त्याच रूपात दिसतच नाही. त्याला ठळक दिसतो तो उजेड-अंधाराचा फरक. खालून वर पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशावर लूरची काळी आकृती दिसते. म्हणून रात्री काळा लूर लावणारे लोक वेडे नसतात. नवशिक्याला तीन रंग पुरे: पाठ गडद, पोट पांढरं आणि गढूळ पाण्यासाठी एक झगझगीत पिवळा-हिरवा. बाकीचे डबे दुकानातच राहू द्या. तो पैसा चांगल्या गळांवर घाला.

सुरुवात लाकडापासून करू नका, चमच्यापासून करा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चमच्याच्या आकाराचे लूर निघाले आणि आजही तो लूर चालतो. घरातला जुना पितळी किंवा जर्मनचा चमचा घ्या, दांडा कापा आणि कडा कानशीने गुळगुळीत करा. दोन्ही टोकांना कडेपासून साधारण ३ मि.मी. आत एकेक भोक पाडा. एका भोकात किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुहेरी कडी घालून गळ अडकवा, दुसऱ्यात तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बांधायची कडी घाला. झाला लूर. स्टेनलेसचा चमचा भोक पाडताना फार त्रास देतो, तो पुढे कधीतरी. आता हा चमचा हौदात किंवा संथ पाण्यात ओढून बघा. जड आणि सपाट चमचा लांब जातो, लवकर बुडतो आणि थोडासाच डुलतो. खोलगट चमचा हळू ओढला तरी खूप डुलतो. जोरात ओढला की मात्र गरगर फिरायला लागतो आणि तंगुसाला पीळ पडतो. हातोडीच्या दोन हलक्या टोल्यांनी खोली कमी-जास्त करा आणि पुन्हा ओढा. तासाभरात आकार आणि चाल यांचं नातं बोटांना कळायला लागतं. पुस्तक वाचून ते इतकं लवकर कळत नाही.

लाकडाचा मासा ही पुढची पायरी, आणि तिथे पहिला प्रश्न लाकडाचा. सागवान टिकाऊ म्हणून हात तिकडे जातो, पण लूरसाठी ते जड पडतं. जड लाकडात पोटाला वजन भरायला जागाच उरत नाही. वजन खाली आणि बाकी शरीर हलकं, अशी मांडणी नसेल तर मासा डुलत नाही. विमानांचे नमुने करणाऱ्यांच्या दुकानात मिळणारं बाल्सा सर्वांत हलकं, पण दातांच्या एका चाव्यात चेपतं. आपल्याकडे पांगारा उत्तम. खेळण्यांसाठी वापरलं जाणारं हे लाकूड हलकं असतं आणि सुरीला मऊ लागतं. काटेसावरही चालते. शिवण थोडी जड, पण टिकाऊ, म्हणून मोठ्या लूरला बरी. बाशिंगाचं भेंड बघून मोह होईल, पण ते इतकं मऊ की तार धरत नाही. लाकूड कोणतंही घ्या, पूर्ण वाळलेलं घ्या. ओलं लाकूड महिन्याभरात आकसतं, वरचा लेप तडकतो आणि पाणी आत शिरतं.

कोरण्यात एकच शिस्त महत्त्वाची, ती म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. कागद दुमडून अर्ध्या माशाचा आकार कापा आणि उघडा. तो ठोकळ्याच्या वर आणि खाली गिरवा आणि मधोमध सभोवार एक रेघ मारा. ही मधली रेघ शेवटपर्यंत पुसू देऊ नका. कोरताना दर थोड्या वेळाने मासा समोरून, नाकाच्या बाजूने डोळ्यासमोर धरून बघा. डावी कूस उजवीपेक्षा थोडी जाड राहिली तरी मासा पाण्यात एका बाजूला पळतो. पोटाच्या रेघेवर करवतीने एक खाच पाडून तिच्यात १ मि.मी. जाडीची स्टेनलेसची तार नाकापासून शेपटीपर्यंत अखंड बसवा. तिलाच पीळ देऊन नाकाशी एक, पोटाशी एक आणि शेपटीशी एक असे वेढे ठेवा. काही जण तारेऐवजी छोटे स्क्रूचे आकडे पिळून बसवतात. मऊ लाकडात ते कधी उपटतील याचा भरवसा नाही. तार अखंड असली की मासा लाकूड फोडू शकतो, पण गळ सोडवून घेऊ शकत नाही.

आता या सगळ्या कामाचा गाभा, वजनाचा हिशोब. समजा मासा १० सें.मी. लांब आहे आणि मोजपात्रात सुईने दाबून बुडवल्यावर पाणी २० मि.लि.ने चढतं. म्हणजे पूर्ण बुडालेला हा मासा २० ग्रॅम गोडं पाणी बाजूला सारतो. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचं शरीर साधारण ६ ग्रॅम भरेल. तार, दोन तिगळ म्हणजे तीन काट्यांचे गळ, कड्या, तोंडाखालची पट्टी आणि लेप मिळून आणखी ७ ग्रॅम. एकूण १३. उरले ७ ग्रॅम. तेवढं वजन पोटात घातलं तर मासा पाण्यात ना वर येईल ना खाली जाईल, जागच्या जागी लोंबकळत राहील. ४-५ ग्रॅम घातलं तर ओढताना बुडेल, थांबलात की हळूच वर येईल. तुमच्याकडचा काटा घरगुती असला तरी काळजी नको, कारण शेवटचा निकाल बादलीच देते. मासा पूर्ण जोडणीसह बादलीत सोडा आणि वजन कमी-जास्त करत राहा. वजनासाठी सायकलच्या मागच्या चाकातले पाव इंची पोलादी छर्रे घ्या. त्यातला एक छर्रा जवळजवळ बरोबर १ ग्रॅमचा भरतो, म्हणजे सात छर्रे मोजले की हिशोब झाला. ते पोटाच्या खाचेत, मधल्या तिगळाच्या थोडं पुढे, जितकं खाली बसेल तितकं खाली बसवा. वजन मागे सरकवलं तर लूर लांब फेकला जातो पण शेपूट टाकून पोहतो. फार वजन खाली भरलं तर मासा पाटासारखा स्थिर होतो आणि डुलणं मरतं. स्थिरता आणि डुलणं यांच्यातला मध्य प्रत्येक माशाला वेगळा असतो. तो बादलीत आणि हौदात शोधण्यात सगळ्यात जास्त वेळ घालवा.

इथेच घरच्या लूरचा खरा फायदा समोर येतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. वरचा २० घन सें.मी.चा मासा समुद्रात साडेवीस ग्रॅम पाणी सारतो. नळाच्या पाण्यात नेमका लोंबकळणारा लूर म्हणूनच अलिबागच्या जेट्टीवर वर येऊन तरंगतो. याउलट जुलैत खाडीत पुराचं गोडं पाणी उतरलं की एप्रिलमध्ये बेताचा वाटणारा लूर तळाला जाऊन गाळात रुततो. फरक फक्त अर्ध्या ग्रॅमचा असतो, पण तो महत्त्वाचा ठरतो. जिताडा भक्ष्य झडप घालून चावत नाही. तो तोंड झटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, आणि जागच्या जागी तरंगणारी वस्तू त्या ओढीबरोबर सहज आत जाते. हा अर्धा ग्रॅम सांभाळायची सोय फार सोपी आहे. १ मि.मी. जाडीची तांब्याची तार ७ सें.मी. कापली की ती अर्धा ग्रॅम भरते. पुढच्या तिगळाच्या दांड्यावर तिचे वेढे द्या, पाणी गोडं झालं की काढून टाका. घरी तपासायचं असेल तर बादलीत दर लिटरला ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, समुद्राचं पाणी तयार होतं. कारखान्यात निघणारा लूर कुठल्या पाण्यात जाणार हे कारखानदाराला माहीत नसतं, त्यामुळे तो मधलं काहीतरी धरून चालतो. तुम्हाला मात्र तुमच्या खाडीचा महिना माहीत असतो.

तोंडाखालच्या पट्टीला इथे जीभ म्हणू. तंगूस ओढली की पाणी जिभेवर आपटतं, डोकं खाली आणि एका बाजूला ढकललं जातं. पाण्याचे भोवरे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला सुटतात आणि शरीर हेलकावे खातं. जीभ शरीराला जवळजवळ काटकोनात उभी असेल तर मासा उथळ पोहतो आणि मोठे हेलकावे देतो. शरीराच्या रेषेत पुढे काढलेली लांब जीभ त्याला खोल नेते आणि थरथर बारीक करते. खाडीच्या काठाशी, जिथे कमरेएवढं पाणी आणि खाली तिवरांची मुळं, तिथे उभी जीभच हवी. जिभेला जुनी सीडी छान चालते. ती पॉलिकार्बोनेटची, १.२ मि.मी. जाडीची असते. कात्रीने ती तडकते, म्हणून बारीक पात्याच्या करवतीने कापा आणि कडा घासा. जीभ खाचेत बसवून अ‍ॅराल्डाइटने चिकटवताना पुन्हा नाकासमोरून बघा. ती अगदी आडवी असली पाहिजे. पाण्यात मासा उजवीकडे पळत असेल तर नाकाचा वेढा पक्कडीने किंचित डावीकडे वाकवा, डावीकडे पळत असेल तर उजवीकडे. किंचित म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकंच. चांगले दिसणारे पुष्कळ लूर केवळ हे न केल्यामुळे फेकून दिले जातात.

छर्ऱ्यांचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे, आणि त्यात तडजोड नको. गळाचं वजन म्हटलं की आपल्याकडे शिसं ठरलेलं. ते स्वस्त आहे, जड आहे आणि ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे घरच्या गॅसवर ओतकाम करायचा मोह होतो. करू नका. शिसं मेंदूवर परिणाम करणारं विष आहे आणि लहान मुलांना त्याचा सर्वांत जास्त धोका असतो. कानशीने घासलेला त्याचा चुरा बोटांवरून आणि कपड्यांवरून जेवणाच्या ताटापर्यंत पोचतो. पाण्यात तुटून राहिलेली लहान वजनं पाणपक्षी खडे समजून गिळतात. इंग्लंडमध्ये हंस असे मरू लागले म्हणून १९८७ मध्ये गळाच्या बहुतेक लहान शिशांची विक्री बंद झाली. यावर आक्षेप येतो की पोलाद शिशाइतकं जड नाही. बरोबर आहे. तितक्याच वजनाला पोलादाला सुमारे दीडपट जागा लागते. पण सात छर्ऱ्यांना लागणारी जागा १ घन सें.मी.हूनही कमी, आणि एवढी जागा १० सें.मी.च्या माशाच्या पोटात सहज निघते. ओतकामाचीच हौस असेल तर कल्हईचं कथील घ्या. ते २३२ अंशांना वितळतं आणि कल्हईच्या भांड्यांत आपण पिढ्यान्‌पिढ्या जेवत आलो आहोत. मात्र साचा पूर्ण कोरडा ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि खोलीत हवा खेळती असू द्या. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या धातूत पडला तर वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. जोडकामाच्या कथलाच्या तारेत बऱ्याचदा शिसं मिसळलेलं असतं, तेव्हा ती वापरू नका. रबरी शेपट्यांसाठी मऊ प्लास्टिक घरी वितळवण्याचे प्रयोगही टाळलेलेच बरे. त्याचा धूर घरात नको.

छर्रे बसले की खाच लाकडाच्या भुशात कालवलेल्या अ‍ॅराल्डाइटने बुजवा आणि पॉलिश पेपर मारा. मग सँडिंग सीलरचे तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. लेप जाड एकदाच देण्यापेक्षा पातळ अनेकदा दिलेला टिकतो. त्यावर रंग, आणि सगळ्यांवर दोन भागांच्या पारदर्शक इपॉक्सीचा एक हात. इपॉक्सी ओघळून पोटाशी गोळा होतं आणि तेवढ्याने तोल बिघडतो, म्हणून ते आळेपर्यंत मासा दर पाच मिनिटांनी फिरवत राहा. लेप पक्का झाल्यावर मजबुतीची परीक्षा घ्या. मासा नाकाच्या वेढ्याला दोरीने टांगा आणि शेपटीच्या वेढ्याला १० लिटर पाण्याची भरलेली बादली अडकवा. तो भार १० किलोच्या वर जातो. मिनिटभर तार सरळ होत नाही, वेढा उघडत नाही आणि लाकूड कुरकुरत नाही, तर लूर पास. घरच्या लूरवर मोठा मासा टिकत नाही, असं म्हणणाऱ्यांना ही बादली दाखवा. दुकानातून आणलेला स्वस्त लूरही असाच टांगून बघावा. त्याच्या दुहेरी कड्या कित्येकदा आधी उघडतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पैशांचा असतो. बाजारात लूर स्वस्तात मिळतात, मग हा खटाटोप कशाला? खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी घरचा लूर महागच पडतो. करवत, कानस, इपॉक्सी, चांगले गळ आणि वाया गेलेले सात-आठ मासे, हे सगळं धरलं तर बचत होत नाही. बचतीसाठी हा छंद सुरू करणारा माणूस तिसऱ्या महिन्यात तो सोडतो. कारण वेगळं आहे. स्वतः तोल साधलेला लूर पाण्यात काय करतो आहे, हे दांडीच्या टोकाला येणाऱ्या थरथरीवरून ओळखता येतं. तो नीट चालत नसेल तर का चालत नाही हेही कळतं. विकतच्या लूरला मासा लागला नाही की माणूस दुसरा लूर विकत आणतो. घरच्याला लागला नाही तर पाण्याचा विचार करतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जिवंत कोळंबी किंवा बोय लावली तर नकली माशाची गरजच काय? अनेक ठिकाणी जिवंत आमिषाला जास्त मासे लागतात, हे मान्यच केलं पाहिजे. पण जिवंत आमिष एका जागी बसून वाट बघतं, लूर मात्र तासाभरात काठाचा मोठा पट्टा चाळून काढतो. आणि गोड्या पाण्यातल्या मरळीच्या बाबतीत तर लूरची बाजू नुसती सोयीची नाही, रास्तही आहे. मरळीला अजूनही कित्येक जण जिवंत बेडूक गळाला टोचतात. बेडूक शेतातले किडे खातो. त्याच्या पायांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली, त्यामागे हेही एक कारण होतं. जुन्या स्लिपरच्या फोमच्या तळव्यातून बेडूक कापणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. तो आपोआप तरंगतो. दोन काट्यांचा गळ पाठीला चिकटून वर ठेवला तर शेवाळ्यात आणि कमळाच्या पानांत अडकत नाही. मागे रबराच्या दोन पट्ट्या लावल्या की पाय झाले. तोंडाची बाजू किंचित खोलगट कापली तर ओढताना पाणी 'टुप्‌' करून उडतं आणि मरळ त्या आवाजावर येते. पावसाळ्याच्या सुमारास मात्र पाण्यावर तांबूस-केशरी पिल्लांचा गोळा दिसला तर तिथे लूर टाकू नका. खाली नर-मादी राखणीला असतात आणि जवळ येईल त्यावर धावतात. तेव्हा त्यांना पकडणं अगदी सोपं असतं, आणि त्यांना उचललं की पिल्लांचा तो सगळा गोळा इतर माशांच्या पोटात जातो.

पिसांचे लूर बांधणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून जवळजवळ ३०० दुर्मीळ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, आणि चोरी करणारा तरुण जुन्या पद्धतीचे पिसांचे लूर बांधणाऱ्यांपैकीच होता. रंगीत पिसाचा मोह इथवर नेतो. धीवर, नीलपंख किंवा कोणत्याही रानपक्ष्याचं पीस या कामासाठी मिळवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. कोंबड्याच्या मानेची लांब, चिवट पिसं या कामाला उत्तम असतात आणि ती चिकनच्या दुकानात फुकट मिळतात.

पाण्यावर जाताना दोन-तीन पथ्यं. धरणं आणि तलाव यांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो, आधी परवानगी घ्या. तिचं उत्पन्न त्याच पाण्यावर आहे. मासा सोडून द्यायचा असेल तर काट्याचं उलटं टोक पक्कडीने दाबून टाका आणि तिगळाऐवजी एकेरी गळ लावा, म्हणजे मासा चटकन मोकळा होतो आणि काटा तुमच्या बोटात गेला तरी सहज निघतो. तुटलेली तंगूस खिशात घालून घरी आणा. तिवरांच्या फांद्यांत गुंतलेल्या तंगुसात बगळ्यांचे पाय अडकतात.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक लूरला आकडा द्या आणि त्यापुढे लाकूड, छर्ऱ्यांची संख्या, जिभेचा कोन आणि तारेचे वेढे लिहा. शेजारी त्या दिवशीची तिथी लिहा, कारण कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला सुमारे तीनला भरती, अष्टमीला सुमारे सहाला, आणि अष्टमीला भांगाचं मंद पाणी. उधाणाच्या ओढीत चालणारा लूर भांगाच्या पाण्यात निर्जीव वाटतो. वहीत दोन महिने हे उतरलं की तुमच्या खाडीला किती ग्रॅमचा लूर कोणत्या तिथीला लागतो ते तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असेल. येत्या सुट्टीला एक जुना चमचा कापा, हौदात ओढा आणि वहीतली पहिली ओळ लिहा.